मालगाडीखालची वाट

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मी शूरपणाचा आव आणतेय असं पुढं कुणाला वाटायला नको. लिफ्टचं दार बंद होताना मी श्वास धरून ठेवते. फोन अवेळी वाजला की आधी तो उपडा करते, मग नाव बघते. लहानपणी घरात मला ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ म्हणून चिडवायचे. पण माझा ब्रह्मराक्षस पिंपळावरचा नव्हता. तो लोखंडाचा होता, आमच्या गावाला आडवा पडून तासन्‌तास उभा राहायचा, आणि हलायच्या आधी ‘फुस्स’ करायचा.

आमचं गाव होटगीच्या पुढं, रुळांना चिकटून. घरं, देऊळ, दुकानं, पिठाची गिरणी रुळांच्या अलीकडं. विहिरी, गोठे, ज्वारीची रानं आणि हायस्कूल पलीकडं. असं गाव कुणी वसवलं म्हणून विचारू नका. गाव आधीचं आहे, रूळ नंतर आले, आणि येताना त्यांनी गावाला काही विचारलं नव्हतं. येण्याजाण्याच्या रुळांना लागूनच मालगाड्या थांबवून ठेवायचे जादा रूळ आहेत. कोळशाची नाहीतर सिमेंटची गाडी एकदा तिथं येऊन उभी राहिली की पुढं रस्ता मोकळा होईपर्यंत हलत नाही. कधी चहा होईपर्यंत निघते, कधी सकाळची दुपार करते. फाटक आहे, पण ते पार लांब. डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन फाटकाला वळसा घालायचा म्हणजे अर्धा दिवस रस्त्यातच जायचा. म्हणून आमचं गाव गाडीखालून जातं.

त्याचीही एक रीत होती. रुळांच्या कडेला मातीचं एक टेकाड आहे, तिथून सिग्नल दिसतो. टेकाडावर एकानं उभं राहायचं. सिग्नल लाल असला की तो ‘चलाऽ’ म्हणून हाळी द्यायचा, आणि बाया, पोरं, शेरडं एकामागून एक डब्याच्या पोटाखालून पलीकडं. दिवा बदलला की ‘थांबाऽ’. टेकाडावर कोणी उभं राहायचं हे ठरलेलं नसायचं. जो पलीकडून आला तो थोडा वेळ थांबायचा, मग दुसरा कुणी. पण टेकाड रिकामं ठेवून कुणी घरी गेल्याचं मला आठवत नाही. भावकीत बोलणं नसलेली माणसंसुद्धा एकमेकांसाठी तिथं उभी राहायची.

सिग्नलपेक्षा खरा इशारा मात्र ते ‘फुस्स’. ब्रेक सुटला की हवा सुटते, डब्याडब्यातून पुढून मागं येते. त्यानंतर मिळतो तो वेळ फार थोडा. मग एकेक डबा हिसका खात जातो, खडाखडाखड, आणि गाडी चालायला लागते. मी शाळकरी असताना एकदा बरोबर त्या थोड्या वेळात खाली सापडले. दप्तराचा पट्टा कशाला तरी अडकला होता. डबा वीतभर सरकला आणि थांबला. मी दप्तर टाकून ज्या बाजूनं शिरले त्याच बाजूनं बाहेर आले, आणि त्या दिवसापासून हायस्कूल संपेपर्यंत रोज फाटकाला वळसा घालून गेले. गावातली पोरं म्हणायची, ‘आली बघा फाटकवाली.’ म्हणू देत. मी पायानं धड चालत होते.

माझी आई या बाबतीत माझी आई शोभत नाही. आमच्याकडं आईला अव्वा म्हणतात; कानडी मुलूख शेजारी, त्यामुळं बोलण्यात निम्मं तिकडचं येतं. वडील गेल्यापासून अव्वा एकटीच शेत बघते. म्हैस पलीकडं रानातल्या गोठ्यात, घर अलीकडं. रोज सकाळी धार काढायला जायचं, दूध घेऊन यायचं. गाडी उभी असली तर दुधाची चरवी पुढं सरकवायची, मग स्वतः. मी काही बोलले की हसायची.

‘भ्याचं काय त्यात? गाडी काय वाघ हाय व्हय?’

शिकून मी सोलापुरात आले आणि इकडंतिकडं करत खासदारांच्या ऑफिसात चिकटले. ऑफिस सात रस्त्याजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. सकाळी दरबार भरतो. कुणाची बदली, कुणाची दवाखान्यातली खाट, कुणाच्या बोअरला वीज मिळत नाही, कुणाच्या सुनेला नांदवत नाहीत. साहेब सगळ्यांना आधी पाणी विचारतात, मग काम. ते सांगोल्याच्या बाजूचे, बाप मेंढरं राखणारा. पण पूर्व भागातल्या विणकर म्हातारीशी तेलुगूत चार शब्द बोलतात, अक्कलकोटकडच्या माणसाशी कानडीत पाच, आणि तेवढ्यावर समोरच्याचा अर्धा राग घालवतात. मयत म्हणून चुकवत नाहीत. एकदा दोन गटांत दगडफेक चालली होती, तेव्हा मधोमध जाऊन उभे राहिले होते. मी गाडीत काच वर करून बसले होते, हे वेगळं सांगायला नको.

असा हा माणूस दिल्लीला गेला की त्याची दातखीळ बसायची. पहिली काही अधिवेशनं साहेबांनी बाक वाजवण्यापलीकडं काही केलं नाही. विरोधकांनी ‘मुके खासदार’ म्हणून फलक लावले. ऑफिसात त्यावर कुणी बोलायचं नाही असा अलिखित कायदा होता. एकदा दरबार उठल्यावर ते आपण होऊन मला म्हणाले.

‘पोरी, हितं मैदानभर माणसापुढं बोलतो. तितं उभं राह्यचं म्हटलं की पाय लटपटत्यात बघ. कानात ते यंत्र घालायचं. आपलं बोलणं दुसराच कोण तर दुसऱ्या भाषेत सांगतोय. मधीच घंटी वाजती. काय बोलत हुतो तेच इसरतंय.’

मला त्या दिवशी साहेब फार आवडले. भित्र्याला भित्रा भेटला की जो आनंद होतो तो शूर लोकांना कळायचा नाही.

मग ती सकाळ आली. गावाकडून फोन आला की शेजारच्या काकूंचा पाय गाडीखाली गेला. टेकाडावर माणूस होता, हाळीही दिली होती, पण काकू मागं राहिलेल्या शेळीला ओढत होत्या. मी फोन ठेवला आणि साहेबांसमोर जाऊन नुसती उभी राहिले. त्यांनी ‘काय झालं?’ म्हणून विचारलं आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं, टेकाड, हाळी, फुस्स, अव्वाची चरवी. आज काकूंचा पाय, उद्या अव्वाचा जीव, एवढंच मला दिसत होतं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘उद्या जाऊ.’

दुसऱ्या दिवशी गाड्यांचा ताफा गावात आला तेव्हा मालगाडी उभीच होती. जणू साहेबांसाठीच थांबवली होती. गावकऱ्यांनी हार घातले, फेटा बांधला, रुळांवर पूल हवा म्हणून निवेदन दिलं. भाषणं झाली, साहेबही पूल पाहिजेच म्हणाले. हे सगळं चाललं असताना अव्वा धार काढून पलीकडून आली आणि एवढे लोक बघून तिनं सगळ्यांदेखत विचारलं.

‘साहेब, पूल पायजे म्हणताय न्हवं? मग एकडाव खालनं जाऊन तर बघा. च्या पलीकडं गोट्यात करते.’

मी तिला डोळ्यांनी खुणावत होते. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. कार्यकर्ते ‘अवो मावशी’ करत पुढं झाले, पण साहेबांना आता माघार घेता येईना. एवढ्या लोकांत ‘नको’ म्हणणारा पुढारी अजून जन्माला यायचाय. त्यांनी फेटा काढून माझ्या हातात दिला, पांढरे कपडे सावरले, आणि बसले उकिडवे. कार्यकर्त्यांनी फोन काढले. टेकाडावर एक म्हातारा उभा होता, त्यानं हाळी दिली. पुढं अव्वा, मागं साहेब.

ते अर्ध्यावर होते तेव्हा फुस्स झालं.

माझ्या हातातला फेटा खाली पडला. म्हातारा वरून ओरडत होता, सिग्नल लालच आहे म्हणून. पण खाली कुणाला ऐकू येतंय. मला डब्याखाली साहेबांच्या पायांचे तळवे तेवढे दिसत होते. ते हलत नव्हते. माणूस झोपेत असतो तसे पडलेले. मग अव्वाचा हात आला, त्यानं साहेबांची कॉलर धरली आणि ओढलं. तळवे दगडांवरून घासत गेले आणि दिसेनासे झाले. गाडी हलली नाही. कधी कधी नुसतीच हवा सुटते.

मी फाटकाकडं गाडी घ्यायला लावली आणि वळसा घालून पलीकडं पोचले. साहेब बांधावर बसले होते. अंगभर वंगणाचे काळे पट्टे. हातात कप होता आणि तो बशीवर टिकटिक वाजत होता. अव्वा म्हशीला वैरण घालत होती.

‘बोलतो मी दिल्लीत,’ एवढंच साहेब म्हणाले.

संध्याकाळपर्यंत सगळ्या मतदारसंघाच्या फोनवर व्हिडिओ फिरला. साहेब वाकतात, गाडीखाली शिरतात, पुढच्या क्षणी पलीकडं बांधावर चहा पितात. मधलं कापलेलं. खाली लिहिलेलं, वाघ. आता एखाद्याला त्याचा स्वतःचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा दाखवला की त्यालाही तेच खरं वाटायला लागतं. आठवडाभरात साहेब दरबारात सांगायला लागले, ‘काय न्हाय हो, वाकायचं आन् जायाचं.’ मी ऐकून घेत होते.

दिल्लीत शून्य प्रहरात बोलायचं तर आधी नाव द्यावं लागतं, मग सोडत निघते. साहेबांचं नाव निघेना. निघालं त्या दिवशी गोंधळ होऊन सभागृह तहकूब झालं. परत नाव द्या, परत वाट बघा. इकडं अव्वा रोज गाडीखालून जात होती. मला वाटायचं, दोन्हीकडं एकच खेळ चाललाय, सिग्नल कधी मिळतो त्याचा. शेवटी एकदा नाव आलं आणि सभागृहही चाललं. आम्ही ऑफिसात टीव्हीपुढं उभे होतो. साहेब उठले, आणि मराठीतच बोलले.

मी त्यांना लिहून दिलं होतं ते साधं होतं. लोकांना रोज भीती वाटते, तेव्हा पूल द्या. पण साहेबांना तिथं उभं राहिल्यावर बहुतेक व्हिडिओ आठवला. आवाज चढवून म्हणाले, ‘अध्यक्ष महोदय, आमच्या बाया भीत नाहीत! डोक्यावर भारा, काखेत लेकरू, वर लोखंडाची गाडी, पण आमच्या बाया भीत नाहीत!’ मग घंटी वाजली. पुलाचं वाक्य निम्मं झालं आणि माइक बंद पडला.

गावात फटाके वाजले. ऑफिसात पेढे आले. मुके खासदार बोलले म्हणून विरोधकांचे फलकही उतरले. अव्वासुद्धा खुशीत होती. ‘आमचं नाव दिल्लीपत्तोर गेलं की,’ म्हणाली. मी पेढा हातात धरून बसले होते आणि मला तो खाववत नव्हता. वाटत होतं, काहीतरी चुकलंय, पण बोट ठेवता येत नव्हतं.

ते लवकरच कळलं. जे लोक न भिता गाडीखालून जातात त्यांना काय पाहिजे असतं? धाक. रेल्वेचे पोलीस आले. टेकाडाजवळ मोठा फलक लागला, इथून रूळ ओलांडणं गुन्हा आहे म्हणून. टेकाडावर हाळी द्यायला उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला दिवसभर चौकीत बसवून ठेवलं. पोलिसांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. गाडीखालून जाऊ देणं हे कुठल्या पोलिसाला शोभेल? पण म्हैस काही फलक वाचत नाही. तिची धार सकाळी काढावीच लागते. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. गावानं वाट सोडली नाही, फक्त जागा बदलली. टेकाडापासून लांब, रूळ जिथं वळण घेतात तिथून माणसं जायला लागली. तिथं पोलीस नव्हते. तिथं टेकाडही नव्हतं, सिग्नल दिसत नव्हता, इंजिन दिसत नव्हतं, आणि हाळी द्यायला कुणी उभं राहायला तयार नव्हतं.

मी अव्वाला म्हटलं, म्हैस विकून टाक, सोलापुरात ये. ती म्हणाली, तुझ्या खोलीत मला श्वास घेता येत नाही. मी म्हटलं, फाटकाला वळसा घाल. ती म्हणाली, तुझे गुडघे मला देतेस का? मी रडले. तिनं फोन ठेवला. साहेबांच्या मागं लागले, तर ते दिल्लीत चकरा मारत होते आणि प्रत्येक टेबलावर त्यांना एकच उत्तर मिळत होतं, बंदोबस्त केलाय ना आता, प्रश्न मिटला.

शेवटी मी अव्वाकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. गाडीखाली शिरायच्या आधी मला फोन लावायचा, तो चालूच ठेवून पोलक्यात घालायचा, आणि पलीकडं गेल्यावर बोलायचं.

‘त्यानं काय हुनार?’ तिनं विचारलं.

‘काही होणार नाही. मला कळेल.’

‘येडी हाय नुसती,’ ती म्हणाली, पण फोन करायला लागली.

रोज दरबाराच्या वेळेलाच तो यायचा. मी कोपऱ्यात जाऊन कानाला लावायची. आधी खडीवर पाय वाजायचे, मग चरवी सरकवल्याचा आवाज, मग बांगड्या, कापड घासल्याची खसखस. मग ‘आले बघ पलीकडं’. तेवढा वेळ मी श्वास घ्यायची की नाही मला माहीत नाही. नंतर समोरचा माणूस विचारत असायचा, मॅडम, माझ्या अर्जाचं काय झालं?

एक दिवस दरबारात फार गर्दी होती. आवाजात काही ऐकू येईना म्हणून मी फोनचा स्पीकर लावला. साहेब पलीकडच्याच टेबलाशी एका शिक्षकाची बदली ऐकत होते, त्याची बायकोही बरोबर आली होती. खडी वाजली, चरवी सरकली, बांगड्या वाजल्या. आणि फुस्स झालं.

तो आवाज साहेबांनी लगेच ओळखला. त्यांची मान एकदम वळली. त्यांनी नुसता हात वर केला आणि सगळी खोली गप्प झाली. फोनमधली खडी थांबली होती. बांगड्या थांबल्या होत्या. मला बोलायचं होतं, अव्वा, हल, पुढं सरक, पण माझी जीभ टाळूला चिकटली होती.

मग अव्वाचा आवाज आला. मी आयुष्यात तिचा तसा आवाज ऐकला नव्हता. बारीक, शाळेतल्या पोरीसारखा.

‘अव्वा... अव्वा गं... अव्वा...’

ती तिच्या आईला हाक मारत होती. तिची आई मी जन्मायच्या आधीच गेलेली. तीच हाक, न थांबता, पुन्हा पुन्हा. मग खडाखडाखड सुरू झालं आणि त्यात ती बुडून गेली. डबे जात होते. फोन चालू होता. मी टेबलाची कड धरून उभी होते आणि मनात येत होतं की हा आवाज संपला की काय ऐकू येईल, ते मला ऐकायचं नाही. शिक्षकाच्या बायकोनं माझा दंड धरला.

गाडी गेली. बऱ्याच वेळानं बांगडी वाजली. मग धापा टाकणं. मग नेहमीचा खणखणीत आवाज.

‘आले बघ पलीकडं. मी सुटले, चरवी तेवढी गेली चाकाखाली. भ्याचं काय त्यात?’

मी ‘हं’ म्हटलं.

साहेब माझ्याजवळ आले.

‘रोज मनातल्या मनात अशीच हाक मारती का गं ती?’

‘मला काय माहीत, साहेब. तिला भीती वाटते हेच मला आज कळतंय.’

ते खुर्चीवर बसले. एवढ्या लोकांत हळूच म्हणाले, ‘मीबी आयलाच हाक मारली हुती. खाली असताना. तुज्या आईनं ऐकलं आसंल, पन बोलली न्हाय कुनाला.’ मग म्हणाले, ‘तितं हे सांगायला पायजे हुतं.’

पुढच्या अधिवेशनात पुन्हा सोडत, पुन्हा तहकुबी, पुन्हा वाट. पण नाव आल्यावर ते उठले तेव्हा त्यांच्या हातात कागद नव्हता. आवाज कापत होता, टीव्हीवरही कळत होतं. म्हणाले, ‘अध्यक्ष महोदय, मागं मी इथं म्हणालो की आमच्या बाया भीत नाहीत. ते खोटं होतं. मी त्या गाडीखाली एकदा गेलो. मी भ्यालो. माझे हातपाय गळाले आणि मी माझ्या मेलेल्या आईला हाक मारली. आमच्या बाया तिथून रोज जातात आणि रोज मनात हीच हाक मारतात. एका माउलीची मी कानानं ऐकली आहे. त्यांना शिक्षा नको. त्यांना रस्ता द्या.’ घंटी वाजली, पण माइक थोडा वेळ तसाच चालू राहिला. मला वाटतं, बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नसावं.

या वेळी गावात फटाके वाजले नाहीत. उलट लोक जरा खट्टू झाले. पुढाऱ्यानं असं भ्यालो म्हणून सांगायचं असतं का? विरोधकांनी तेवढाच तुकडा कापून फिरवला, साहेबांचे कार्यकर्तेही तोंड लपवायला लागले. साहेबांची पुढची उमेदवारी धोक्यात आहे असं ऑफिसात कुजबुजत बोलतात, आणि त्याचीही मला भीती वाटते, कारण नवा माणूस आला तर त्याला हे सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. पण मोजणीची माणसं आली. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या काठ्या रोवल्या. पोलीस अजून येतात, पण टेकाडावर परतलेल्या म्हाताऱ्याला कुणी धरून नेत नाही. पूल नाही, पण रुळांखालून जाणाऱ्या भुयारी रस्त्यासाठी टेकाडाजवळ खोदायला सुरुवात झाली आहे. काम कधी चालतं, कधी बंद पडतं. अजून बराच वेळ लागेल असं म्हणतात.

सगळ्यात जास्त संतापली ती अव्वा. तिनं भाषण शेजारणीच्या फोनवर ऐकलं आणि ‘एक माउली’ कोण हे तिला लगेच कळलं.

‘माजं भ्या दिल्लीत सांगायला तुमाला कुनी सांगितलं हुतं? सगळं गाव माज्या तोंडाकडं बघतंय.’

त्या दिवसापासून तिनं फोन चालू ठेवणं बंद केलं. मी किती विनवण्या केल्या. शेवटी एवढ्यावर तडजोड झाली की पलीकडं पोचल्यावर ती एक मिस्ड कॉल देईल. एकदा वाजणार आणि कटणार. मधलं मी ऐकायचं नाही. म्हणजे आता माझी सकाळ अशी जाते. दरबार भरतो, मी अर्ज घेते, पाणी विचारते, आणि फोन टेबलावर उताणा ठेवते. तो वाजून कटला की साहेब माझ्याकडं बघतात, मी मान हलवते, आणि ते पुढच्या माणसाशी बोलायला लागतात. ज्या सकाळी उशीर होतो त्या सकाळी आम्ही दोघंही एकमेकांकडं बघत नाही.

गेल्या आठवड्यात फोन वाजला तो कटलाच नाही. वाजतच राहिला. माझ्या हातातला पाण्याचा ग्लास निसटला. हा फोन अव्वाचा नाही, अव्वाच्या फोनवरून कुणीतरी दुसरंच करतंय, एवढंच डोक्यात आलं. मला बटण दाबवेना. साहेबांनी तो उचलला, कानाला लावला, ऐकलं, आणि माझ्या हातात दिला.

‘अव्वा?’

‘व्हय, मीच की. काय न्हाय गं.’ ती थांबली. मागं कुठंतरी हवा सुटल्याचा बारीक आवाज येत होता. ‘आज लई भ्या वाटलं, म्हनून केला.’

‘कुठं आहेस तू?’

‘अलीकडंच हाय. बसलेय दगडावर. जाऊ दे ही गाडी, मग जाते.’

‘आणि म्हैस?’

‘वरडंल थोडी. वरडू दे.’

मी खाली बसले, तिथंच, सांडलेल्या पाण्यात. ती फोन ठेवत नव्हती, मीही ठेवत नव्हते. गाडी निघून जाईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो.